अर्धी बादली गोडं पाणी

मी एक जुनी स्टीलची बादली आहे. मित्रांनो, बादली म्हटलं की तुम्ही लगेच पान उलटाल, हे मला ठाऊक आहे. जुन्या झाडाचं, जुन्या पुस्तकाचं, अगदी फाटक्या छत्रीचंही तुम्ही मायेनं ऐकून घेता. बादलीकडे मात्र नुसतं पाणी मागता. पण आज दुपार मोकळी आहे. बाथरूम कोरडं आहे. वरच्या जाळीच्या खिडकीतून उन्हाची एक पट्टी आत आली आहे. माझ्या तळाशी ओंजळभर पाणी उरलं आहे, त्यावर पडून ती छतावर हळूहळू हलते आहे. अशा वेळी मला बोलावंसं वाटतं. थोडं ऐका.

माझा जन्म भाईंदरचाच. पूर्वेला पत्र्याच्या शेडखाली भांड्यांचे छोटे कारखाने आहेत, त्यांतल्या एका गाळ्यात मी तयार झाले. आधी मी नुसता एक गोल, सपाट पत्रा होते. मशीननं दाबून दाबून मला खोल केलं. खोल होणं म्हणजे काय हे तेव्हा कळलं नाही, फक्त दुखलं. मग माझा काठ वळवला, बुडाला कडं बसवलं, दोन बाजूंना दोन कान ठोकले आणि त्यांत कडी अडकवली. पॉलिशच्या चाकावर फिरताना मला इतकी भोवळ आली की त्या दिवसाचं बाकी काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा एक कामगार माझ्यात बघून आपल्या मिशा नीट करत होता. माझ्यात दिसलेला तो पहिला माणूस. मिशा काही फार चांगल्या नव्हत्या, पण मी त्याला तसं दाखवलं नाही.

तिथून मी मुंबईच्या एका दुकानात गेले आणि दुकानातून एका लग्नात. उर्मिला नावाच्या मुलीला तिच्या आत्यानं मला भेट दिलं. दुकानदारानं टर्रर्र करणाऱ्या पेनानं माझ्या काठाखाली नाव घातलं, ‘चि. सौ. कां. उर्मिला हिस आत्याकडून’. मला फार गुदगुल्या झाल्या. अंगावर नाव आलं की आपण कुणाचे तरी होतो, असं तेव्हा वाटलं होतं आणि अजूनही वाटतं.

लग्नानंतर काही वर्षं आम्ही परळला एका खोलीत राहिलो. तिथे एकच नळ होता आणि तो गोड्या पाण्याचा होता. पिण्याचं पाणी मी सांभाळायची. माझ्यावर पितळी ताटली झाकलेली असायची. घरात आलेला प्रत्येक जण पहिल्यांदा माझ्याकडे यायचा. उन्हातून आलेला माणूस पाणी पितो, तेव्हा त्याचे डोळे आपोआप मिटतात. असे कितीतरी मिटलेले डोळे मी जवळून पाहिले आहेत. त्या दिवसांत उर्मिला मला रोज चिंचेनं घासायची. मी फार तोऱ्यात असायची, हे कबूल करते.

मग उर्मिलाची मुलगी स्वप्नाली तीन वर्षांची झाली आणि आम्ही भाईंदर पूर्वेला जेसल पार्कला राहायला आलो. तिसरा मजला, दोन खोल्या आणि पहिल्यांदाच घरात स्वतःचं बाथरूम. मला माहेरी आल्यासारखं वाटलं. पण या घरात पाणी दोन प्रकारचं होतं. स्वयंपाकघरातल्या नळाला महापालिकेचं गोडं पाणी यायचं, एक दिवसाआड, सकाळी पाऊण तास. बाथरूमच्या नळाला मात्र दिवसभर पाणी, पण ते बोरिंगचं. त्या पाऊण तासात घरभर धावपळ चालायची. पातेली, कळशा, हंडे, सगळे रांगेत. अशा घरात एक बादली कशी पुरणार? उर्मिलाचे यजमान गोपीनाथ एके दिवशी खांद्यावरून एक मोठं निळं पिंप घेऊन आले. माझा एक कान तोवर ढिला झाला होता. पिंप स्वयंपाकघरात आलं आणि मी बाथरूममध्ये.

त्या पिंपाबद्दल मी काही वाईट बोलणार नाही. प्लास्टिकचं आहे, एवढंच.

बोरिंगचं पाणी माझ्यात पहिल्यांदा पडलं, तो दिवस मला स्वप्नासारखा आठवतो. गोडं पाणी हलकं असतं. ते येतं, थोडं खळखळतं आणि गप्प बसतं. हे पाणी जड होतं. ते माझ्या भिंतींना टेकून काहीतरी पुटपुटत राहिलं. मी कान देऊन ऐकलं. ते जमिनीखालच्या अंधाराबद्दल बोलत होतं, कधीकाळी वर असलेल्या खाडीबद्दल, शिंपल्यांबद्दल, मिठागरातल्या पांढऱ्या ढिगांबद्दल. गोष्टी गोड होत्या, पाणीच तेवढं खारं होतं. रोज दुपारी मी ते ऐकत पेंगायची. जाग यायची तेव्हा पाणी संपलेलं असायचं आणि माझ्या आतल्या बाजूला एक पांढरी रेघ उमटलेली असायची. त्या रेघांचं हळूहळू एक जाड पांढरं कडं झालं. उर्मिला पावडर लावून घासायची, पण ते काही गेलं नाही. मग तिनं नाद सोडला आणि मला घासणंही सोडलं.

आता स्वप्नालीच्या केसांबद्दल सांगते, कारण माझी गोष्ट खरी तिथेच आहे.

स्वप्नाली आता चौदा वर्षांची आहे. तिचे केस कुरळे. लहानपणी ते ओले असताना त्यांच्या अशा गोल गोल बटा व्हायच्या की ती माझ्यावर वाकली की पाण्यात एक मोठं फूल उतरल्यासारखं वाटायचं. पण मोठी होता होता केस राठ झाले. वाळले की पिंजलेल्या कापसासारखे चहूकडे उभे राहायचे. फणी घातली की कट् कट् आवाज यायचा आणि तुटलेले तुकडे माझ्या पाण्यावर तरंगायचे. स्वप्नाली ते बोटानं गोळा करायची, मोजायची आणि खिडकीत ठेवायची.

उर्मिलाला हे बघवत नव्हतं. तिनं ठरवलं होतं, मुलीचे केस कायमचे सरळ करून घ्यायचे. उर्मिलाचे स्वतःचे केस सरळसोट, चमकदार होते. पण मित्रांनो, बाथरूमच्या बादलीपासून काही लपत नाही. दर वर्षी दिवाळीआधी ती पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करून यायची. काही महिन्यांनी ती डोकं धुवायला वाकली की मला मुळाशी दोन बोटं कुरळे केस दिसायचे. स्वप्नालीसारखेच. ते दिसायला लागले की उर्मिला अंबाडा अधिक घट्ट घालायची.

या वर्षी मे महिन्यात उर्मिलाच्या धाकट्या भावाचं, स्वरूपचं लग्न होतं. माहेरचे सगळे जमणार होते, फोटो निघणार होते. त्याआधी मायलेकी दोघींचे केस सरळ करून घ्यायचे, असं उर्मिलानं जाहीर केलं. गल्लीतल्या पार्लरच्या हेमालीबेननी स्वप्नालीच्या केसांना हात लावून पाहिला आणि मान हलवली. केस फार सुके आहेत, गरम पट्टी फिरवली तर तुटतील, आधी जरा ओलावा येऊ द्या, असं त्या म्हणाल्या. बाथरूमचं दार स्वयंपाकघराला लागून आहे, त्यामुळे मायलेकी घरी येऊन भांडल्या तेव्हा शब्दन् शब्द मला ऐकू आला.

स्वप्नालीला केस सरळ करायचेच नव्हते. ते माझे आहेत, एवढंच ती म्हणत होती. शेवटी तह झाला. एक महिना. महिन्याभरात केस मऊ झाले, तर ते कुरळेच राहतील. नाही झाले, तर लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी अकरा वाजता पार्लर. आणि मग त्यावर रडारड नाही.

तो महिना मी कधी विसरणार नाही. माझ्या शेजारची छोटी फळी बाटल्यांनी भरून गेली. स्वप्नाली मोबाइलवर कुरळ्या केसांच्या मुलींचे व्हिडिओ बघायची आणि वहीत लिहून घ्यायची. पहिल्यांदा खोबरेल तेल आलं. त्यानं केस मऊ होण्याऐवजी नुसते तेलकट झाले, आतून कोरडेच. मग गॅलरीतली कोरफड आली. मग दही. दह्याच्या वासानं शेजारची मांजर दोन दिवस दाराशी बसून होती. मग केस धुतल्यावर लावून तसंच ठेवायचं एक पांढरं क्रीम आलं, स्वरूपमामा होणाऱ्या मामीला घेऊन आला तेव्हा तिनं दिलेलं. ते लावल्यावर पहिले दोन तास केस सुरेख दिसले आणि स्वप्नालीनं माझ्यात वाकून वाकून स्वतःला पाहिलं. तिसऱ्या तासाला केसांवर मेणासारखा थर बसला. मग ग्लिसरीन, मग नारळाचं दूध, मग तांदळाचं धुवण.

सर्वांत मोठी आशा जवसाच्या जेलवर होती. स्वप्नालीनं जवस पाण्यात उकळले, उर्मिलाच्या जुन्या ओढणीतून गाळले आणि तो गुळगुळीत रस वाटीत घालून फ्रिजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी गोपीनाथ कामावरून आले आणि काहीतरी थंडगार गोड आहे असं समजून दोन चमचे खाऊन मोकळे झाले. साखर कमी आहे, एवढंच ते म्हणाले. उरलेलं जेल स्वप्नालीनं केसांना लावलं. टॉवेलनं केस राठ होतात असं तिनं वाचलं होतं, म्हणून बाबांच्या जुन्या सुती बनियनमध्ये केस गुंडाळून ती तासभर बसली. उघडले तेव्हा बटा झाल्या होत्या खऱ्या, पण काड्यांसारख्या कडक. संध्याकाळपर्यंत त्यांवरून पांढरा कोंडा झडायला लागला.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत झाली होती. मला कारण माहीत होतं. प्रत्येक बाटलीनंतर ती मला नळाखाली ठेवायची आणि तेच जड, पुटपुटणारं पाणी घेऊन केस धुवायची. शाम्पूला फेस यायचा नाही म्हणून ती आणखी शाम्पू ओतायची. त्यानं केस आणखी कोरडे पडायचे आणि पाण्यातलं मीठ त्यांवर बसायचं, जसं ते माझ्या पोटात बसलं होतं. उत्तर तिच्या हाताखाली, माझ्या भिंतीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं. पण बादलीला तोंड मोठं असून बोलता येत नाही. दुपारी ऊन आलं की मी स्वप्न बघायची की मी कडी वाजवते आहे आणि घरातले सगळे धावत येत आहेत. जाग यायची तेव्हा कडी जागच्या जागी असायची.

लग्नाला चार दिवस उरले. बुधवार होता. दर बुधवारी जिजाबाई मासे घेऊन येते. ती जुन्या भाईंदरची, कोळीवाड्यातली. साठी उलटलेली, पण पाटी डोक्यावर घेऊन तीन मजले चढते आणि वर आल्यावर चहाशिवाय पाटी उतरवत नाही. त्या दिवशी तिनं जिन्याजवळ बसून बोंबील साफ करून दिले आणि हात धुवायला पाणी मागितलं. स्वप्नाली आतून मलाच घेऊन गेली. कित्येक वर्षांनी मी बाथरूमच्या बाहेर पडले होते. जिन्यातला वारा माझ्या पाण्यावरून गेला आणि मी शहारले.

जिजाबाईनं साबण चोळला. पुन्हा चोळला. मग तिनं माझ्या आत हात घालून पांढऱ्या कड्यावर नख ओढलं, नखाखालचा चुरा बघितला आणि स्वप्नालीच्या पिंजारलेल्या डोक्याकडे पाहिलं.

“बाय, ह्याच पान्यान डोकं धुतेस?”

स्वप्नाली हो म्हणाली.

“आमचे गावान खारी बाव हाय,” जिजाबाई विहिरीबद्दल सांगायला लागली. “तिच्या पान्यान आमी जाली धुतो. डोकं न्हाय धुवत.”

उर्मिला माशांची ताटली घेऊन दारातच उभी होती. तिच्या मागे गॅलरीत तुळस दिसत होती, हिरवीगार. इथे आलो त्या पहिल्या वर्षी बोरिंगच्या पाण्यानं तुळस करपली होती. तेव्हापासून उर्मिला तुळशीला आणि मनी प्लांटला न चुकता पिंपातलं गोडं पाणी घालते. जिजाबाईला हे माहीत होतं, कारण इतक्या वर्षांत तिनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

“तुलशीला चांगलं पानी घालतेस, ना पोरीचे डोक्याव खारं?”

उर्मिलाच्या चेहऱ्याचा रंग बदलला. ती म्हणाली, “जिजाबाई, गोडं पाणी एक दिवसाआड येतं, तेही पाऊण तास. त्यात पिऊ काय, शिजवू काय आणि डोक्यावर ओतू काय?” जिजाबाईनं खांदे उडवले. आपण मासळी विकतो, सल्ले नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून तिनं पाटी उचलली आणि ती खाली उतरली. दार लागलं. मला पुन्हा बाथरूममध्ये ठेवलं गेलं. मला वाटलं, संपलं, आता शनिवारी पार्लर.

पण स्वप्नाली हट्टी आहे. गुरुवारी दुपारी ती क्लासहून आली, दाराला कडी लावली आणि माझ्यासमोर स्टुलावर बसली. तिनं डोकं नेहमीच्या पाण्यानं धुतलं. मग उजव्या कानापुढची एकच बट वेगळी काढली, दप्तरातून आपली पाण्याची बाटली काढली आणि थोडं थोडं पाणी ओतून ती बट पुन्हा पुन्हा धुतली. ओघळलेले थेंब माझ्यात पडले. गोड्या पाण्याचे थेंब! अकरा वर्षांनी माझ्या अंगाला ती चव लागली. खाऱ्या पाण्यात ते थेंब क्षणभर वेगळे दिसले आणि मग मिसळून गेले. त्या दुपारी मी स्वप्नात परळच्या खोलीत होते.

शुक्रवारी सकाळी उर्मिला मुलीची वेणी घालायला बसली. माझ्यासमोरचं दार उघडं होतं, म्हणून मला दोघी दिसत होत्या. फणी कटकट करत होती. अचानक तो आवाज थांबला. उर्मिलाच्या हातात ती एक बट होती, गोल, मऊ, काळीभोर. बोटावर गुंडाळली की गुंडाळून राहणारी. बाकीचे केस नेहमीसारखे उभे होते.

“इथे काय लावलंस?” उर्मिलानं विचारलं.

“पाणी.”

“कुठलं?”

“माझ्या बाटलीतलं. काल क्लासला मी प्यायले नाही.”

उर्मिलानं फणी खाली ठेवली. बाहेर काहिली होत होती, दोन दिवस सगळे उन्हाच्या तडाख्याबद्दल बोलत होते. ती मुलीला रागावेल असं मला वाटलं. ती रागावली नाही. तिनं ती बट हलकेच कानामागे सरकवली, बाकीच्या केसांची वेणी घातली आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ उगाच ओटा पुसत राहिली.

शनिवार उजाडला. सकाळी सहा-वीसला स्वयंपाकघरातल्या नळानं नेहमीचा फुसफुस आवाज केला आणि गोडं पाणी आलं. पिंप भरलं, कळशा भरल्या, पातेली भरली. पाणी जायला पाच-सात मिनिटं उरली असतील. तेवढ्यात उर्मिला बाथरूममध्ये आली. तिनं मला उचललं. ओट्यापाशी नेऊन लिंबाच्या सालीनं आणि मिठानं तिनं मला आतून घासलं, घाईघाईनं पण जोर लावून. पांढरं कडं सगळं गेलं नाही, थोडं निघालं. मग तिनं मला नळाखाली ठेवलं.

मित्रांनो, मी काय सांगू? ते पाणी आत येत होतं आणि मला वाटत होतं की आता मी वाजेन. ते हलकं होतं, गार होतं आणि गप्प होतं. अर्ध्यावर आले आणि नळ थांबला. अर्धी बादली. पिंप माझ्याकडे बघत होतं. मीही त्याच्याकडे बघितलं, पण तोरा दाखवला नाही.

उर्मिलानं स्वप्नालीला उठवलं आणि स्टुलावर बसवून स्वतः तिच्या डोक्यावर पाणी ओतायला घेतलं. मुलगी लहान असताना ती असं करायची, नंतर कधी केलं नव्हतं. चार थेंब शाम्पूला इतका फेस आला की दोघी दचकल्या. फेस बोटांमधून ओसंडत होता आणि खिडकीतल्या उजेडात त्यावर रंग तरंगत होते. फळीवरच्या एवढ्या बाटल्यांतून उर्मिलानं एकच घेतली, महिन्याभरात मागे ढकललं गेलेलं साधं कंडिशनर. ते तिनं टोकांपासून वर लावत नेलं. फणी घेतलीच नाही. बोटांनी एक एक गुंता सोडवत गेली. केस तुटल्याचा आवाज येत नव्हता. मी ऐकत होते, नीट ऐकत होते, तरी येत नव्हता.

ती ओतताना फार जपून ओतत होती. मग्यातला एक थेंबही वाया जाऊ नये म्हणून केस तिनं एका हातात धरले होते. शेवटचा मगा ओतला तेव्हा स्वप्नालीच्या पाठीवर बटा पडल्या, एकीमागून एक, आपापल्या जागी. घरातला जुना बनियन आणून उर्मिलानं त्या हलकेच दाबून टिपल्या. स्वप्नालीनं डोक्याला हात लावला आणि तसाच ठेवला.

“आई, मऊ आहेत.”

उर्मिला जमिनीवर बसली होती आणि माझ्यात बघत होती. माझ्यात अजून चार-पाच मगे पाणी होतं. त्यात तिचा चेहरा दिसत होता आणि त्या चेहऱ्यावर काहीतरी जुनं वर येत होतं.

“मी तुझ्याएवढी होते,” ती म्हणाली. “ताईच्या लग्नात फोटो निघत होते. फोटोवाला म्हणाला, हिला मागे उभी करा, हिचे केस मध्ये येतात. सगळे हसले. आईपण हसली. त्यानंतर मी कुठल्याच फोटोत पुढे उभी राहिले नाही. मला वाटलं, तुझं तसं होऊ नये.”

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. स्वप्नालीनं डोक्याला बनियन धरून तो आणला. हेमालीबेन होत्या. अकराला वेळेवर या, दोघींना पुरे चार तास लागतील, असं त्या आठवण करून देत होत्या. स्वप्नालीनं फोन आईपुढे धरला. तिचा हात अजून ओला होता. महिना आज संपला होता आणि अजून कुणी काही म्हणालं नव्हतं.

“हेमालीबेन, आज हम नहीं आएंगे,” उर्मिला म्हणाली. मग तिनं पुढे सांगितलं, “दोनों नहीं.”

तिनं फोन ठेवला. अंबाड्यातले आकडे एक एक करून काढले आणि खिडकीत ठेवले. केस मोकळे केले. वरून दोन बोटं कुरळे आणि त्याखाली लांबच लांब सरळ, मेलेल्या दोऱ्यासारखे. ती माझ्यावर वाकली. तिच्या कपाळाचा घाम माझ्या पाण्यात पडला.

“ओत,” ती म्हणाली. “जपून नको. सगळं ओत.”

स्वप्नालीनं ओतलं. मी रिकामी होत गेले आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

लग्नात कोण काय म्हणालं ते मला माहीत नाही. बादल्यांना कुणी लग्नाला नेत नाही. सोमवारी फोटो आले तेव्हा गोपीनाथ मोठ्यानं हाका मारत होते, एवढं ऐकलं. उर्मिला पहिल्या रांगेत आहे, असं ते दोनदा म्हणाले.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. तुमच्या घरात कुणाचे केस, कुणाचं रोप किंवा कुणाचा स्वभाव कोरडा पडला असेल, तर बाटल्या आणण्याआधी त्याला पाणी कुठलं मिळतंय ते एकदा बघा. गोडं पाणी कमी असतं, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण थोड्यातलं थोडं तरी त्याच्यासाठी बाजूला ठेवता येतं. आणि माझ्यासारखी एखादी जुनी बादली असेल, तर काम झाल्यावर तिला उलटी करून वाळू द्या. तेवढ्यानंही आम्ही बरीच वर्षं टिकतो.

आता दर शनिवारी, गोडं पाणी आलं असेल तर, मला अर्धी भरून ठेवतात. एक जण स्टुलावर बसते, दुसरी ओतते. उर्मिलाचे सरळ केस अजून कापायचे आहेत. ती म्हणते घाई नाही, वाढू देत. मुळाशी दोन बोटं होते ते कुरळे केस आता चार बोटं झाले आहेत. माझ्यातलं पाणी निम्मं उरलं की दोघी उठतात आणि जागा बदलतात.